नारूचा उन्हाळा

वैशाख लागला की माझं डोकं फिरतं. घरच्यांना वाटतं, उन्हामुळे. सून माठात वाळा टाकते, खिडकीला ओलं पोतं बांधते आणि "बाबा, दुपारचं बाहेर निघू नका" म्हणून बजावते. मी हो म्हणतो. तिला काय सांगणार, की हे ऊन नव्हे, हा राग आहे आणि तो चाळीस वर्षं जुना आहे. शेतं वखरून पडलेली असतात, काळ्या ढेकळांवरून येणाऱ्या वाऱ्याला भाजक्या मातीचा वास असतो, बाभळीच्या शेंगा झाडावरच वाळून खुळखुळतात. लोकांना या दिवसांत आंबा आठवतो, पन्हं आठवतं, लग्नाच्या पंगती आठवतात. मला बाजा आठवतात. कडुनिंबाच्या सावलीत टाकलेल्या बाजा, आणि प्रत्येक बाजेवरून बाहेर आलेला एक सुजलेला पाय.

मी तेव्हा देवी टोचणारा होतो. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं, हुकूम नागपूरहून निघायचे, आणि आरोग्य खात्याच्या उतरंडीत सगळ्यांत खालचं मडकं मी. हिवाळाभर गावोगाव हिंडून लेकरांच्या दंडावर लस टोचायची. उन्हात लस नासते, म्हणून होळीनंतर ते काम बंद. मग विहिरींत पाणी शुद्ध करायची लाल दवा टाकायची, जन्ममृत्यूची वही तपासायची, तक्ते भरायचे. त्या वयात मला माझ्या पेटीचा अभिमान होता. तो खोटाही नव्हता. ज्या गावात टोचणी नीट झाली होती, तिथल्या लहान लेकरांचे चेहरे स्वच्छ दिसायचे, आणि त्यांच्या आज्यांचे चेहरे देवीच्या व्रणांनी भरलेले. दोन पिढ्यांमधला तो फरक आमच्या खात्याने केला होता. म्हणूनच राग जास्त येतो. ज्याला काहीच जमत नाही त्याच्यावर कोण रागावतं?

त्या उन्हाळ्यात मला वरवट बकालच्या पुढच्या एका गावी लाल दवा टाकायला पाठवलं. गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं आता माझ्यासारखीच म्हातारी झाली असतील, त्यांना कशाला त्रास. तो सगळा खारपाणपट्टा. विहीर कितीही खोल खणा, पाणी जिभेला चरचरतं, डाळ शिजत नाही, चहा फाटतो. पण या गावाच्या वेशीबाहेर एक बारव होती, पायऱ्यांची जुनी विहीर, आणि तिचं पाणी गोड. सात कोसांत तसं पाणी नाही, असं लोक सांगत.

वेशीवर माझी पेटी घ्यायला कोंडू आला होता, गावचा कोतवाल. पन्नाशीचा, काटक, डोक्याला लाल मुंडासं. सगळं गाव त्याला कोंड्या म्हणे. तो माझ्या वडलांच्या वयाचा, मला तसं म्हणवेना. चालून चालून माझा घसा कोरडा पडला होता. बारव दिसली आणि मी धावतच पायऱ्या उतरलो. आत काय गारवा! काळ्या दगडांवर शेवाळाची हिरवी कड, कपारीत पारव्यांचा घुमारा, आणि खाली उन्हाळ्याने आटून तळाशी उरलेलं स्वच्छ पाणी. गुडघाभर पाण्यात उभं राहून बाया घागरी बुडवत होत्या. मीही पाय घातले, ओंजळीने पोटभर प्यालो, तोंडावर मारलं. वर पाहिलं तर कोंडू पेटी घेऊन उन्हातच उभा. "ये ना, पाणी पी," मी म्हटलं. तो नुसता हसला.

मग गावात शिरलो, आणि त्या बाजा पाहिल्या.

ज्यांनी नारू पाहिला नाही त्यांना सांगतो. पायावर आधी एक फोड येतो, विस्तवाचा चटका बसल्यासारखी आग होते. फोड फुटला की आतून पांढऱ्या सुतासारखा किडा डोकावतो. हात-दीड हात लांब. त्याला काडीभोवती गुंडाळायचं आणि रोज बोट-दोन बोटं ओढायचं. घाई केली आणि तुटला, तर पाय पिकतो, कधीकधी कायमचा आखडतो. एरंडेल, भाजलेला कांदा, रुईची पानं, असल्या पोटिसांचा वास त्या गल्लीत कोंडला होता. आणि हे सगळं नेमकं पेरणीच्या तोंडावर. बैल दावणीला, वखर भिंतीला, माणूस बाजेवर.

मी पुस्तकात वाचलं होतं की नारू पाण्यातून होतो. पाण्यातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांबरोबर तो पोटात जातो, वर्षभर अंगात वाढतो, आणि पायाच्या आगीने बेजार झालेला माणूस पाण्यात उतरला की फोडातून हजारो पिल्लं पाण्यात सोडतो. पुस्तकातली ती ओळ मला त्या गल्लीत उभ्या उभ्या आठवली. आणि बारवेचं पाणी मी नुकतंच पोटभर प्यालो होतो.

तुळशीराम नावाच्या माळ्याच्या घरापुढे मी थांबलो. वांगी-मिरचीचा मळा होता त्याचा. दोन्ही गुडघ्यांना नारू, तोंडावर दुपट्टा घेऊन पडलेला. त्याची बायको सुभद्रा काडीला सूत गुंडाळावं तितक्या सफाईने तो किडा गुंडाळत होती.

"डाक्तर हाये ना तुमी? मंग याले दवा द्या," ती म्हणाली.

"याच्यावर दवा नाही, वैनी. पण पुढच्या वर्षी होऊ नये याचा उपाय आहे. पाणी दुहेरी फडक्यातून गाळून प्या. आणि फोडवाल्या माणसाला बारवेत उतरू देऊ नका."

"गाळून? पानी त काचावानी हाये."

"दिसत नाही असा किडा आहे त्यात. आज प्याल तर पुढच्या वैशाखात निघतो."

तिने हातातली काडी तशीच धरून माझ्याकडे पाहिलं. "आजच्या पान्याचा भोग पुढच्या वैशाखात? असं कव्हा झालं का भाऊ? मी आज जेवली त आज पोट भरते. तुमी पुढच्या वर्साचं सांगून राह्यले, मी आज काऊन मानू?"

खात्याच्या कोणत्याच पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. रोग कशाने होतो ते छापलं होतं. एका कष्टाळू बाईने वर्षभर, रोज, घागरीमागून घागर गाळत कशाच्या भरवशावर राहायचं, ते छापलं नव्हतं. मी रागाने म्हणालो, स्वतःवरच्या रागाने, "मी आज तुमच्या बारवेचं पाणी प्यालो आहे. न गाळता. पुढच्या वैशाखात माझ्या पायात नारू निघाला, तर मी इथं येऊन दाखवीन."

बाजेवरून तुळशीरामने दुपट्टा बाजूला केला. "अन् नाई निंघाला तं?"

"तर मी खोटा."

सुभद्रा हसली नाही. "बरं," म्हणाली. "तवरोक मी गाळतो. तुमी या."

संध्याकाळी कोंडूने मला महारवाड्यात नेलं, तिथल्या जन्ममृत्यूच्या नोंदी पडताळायच्या होत्या. एकही बाज बाहेर नव्हती. माणसं भाकरी खात बसली होती, बाया ज्वारी पाखडत होत्या, सगळे आपल्या पायांवर. मी विचारलं, "कोंडू, तुमच्याकडे नारू नाही?"

"नाई साहेब."

"कसं काय?"

"आमाले पायऱ्या कोठी हायेत उतराले?" तो साधेपणाने म्हणाला. त्याने नाल्याकडे बोट दाखवलं. रेतीत हातभर खड्डा, झिरा. बाया वाटीवाटीने पाणी भरत. रेतीतून गाळून आलेलं पाणी. गावाने ज्यांना बारवेपासून हाकललं होतं, ते नारूपासून वाचले होते. याहून लख्ख पुरावा कोणत्या प्रयोगशाळेत मिळाला असता? मी रात्र व्हायच्या आत सगळं लिहून काढलं: बारवेच्या पायऱ्या बंद कराव्यात, तोंडाशी भिंत घालावी, वर चाक बसवून दोराने पाणी काढावं. खर्च दगडांचा, आणि दगड तर नाल्यात पडलेले. आणि चाकावर महारवाड्यालाही हात लावू द्यावा, कारण झिरा आटला तर ही माणसं कुठे जातील?

आमचे साहेब वाईट नव्हते. हे मुद्दाम सांगतो, कारण वाईट माणसावर राग काढणं सोपं असतं. त्यांनी माझा अहवाल दोनदा वाचला. मग लाल पेन्सिलीने शेवटचं वाक्य खोडलं. "हा आरोग्याचा प्रश्न नाही," म्हणाले. उरलेल्या अहवालावर लिहिलं, विहीर लोकल बोर्डाच्या ताब्यातली, सबब तिकडे पाठवावे. बोर्डाने लिहिलं, रोग आरोग्य खात्याचा, सबब परत. कागद असा ये-जा करत राहिला आणि पावसाळ्याआधी माझी बदली लोणारला झाली.

मागच्याच आठवड्यात आरोग्य केंद्रातली एक मुलगी आमच्या दारी आली होती. "पाणी गाळून पिता का?" तिने सुनेला विचारलं, वहीत खूण केली. चांगली चुणचुणीत होती. मी विचारलं, "पुढच्या वर्षी येशील ना बघायला?" ती म्हणाली, "बदली झाली हो बाबा, हा शेवटचा राउंड." मी इतक्या मोठ्याने "वा!" म्हणालो की सून स्वयंपाकघरातून बाहेर आली. त्या मुलीची काय चूक? पण नारूला वर्ष लागतं, आणि वर्षभर एका गावात टिकणारा डोळा आमच्या खात्याकडे कधी नव्हता. पेरणारा एक, कापणीला दुसरा, आणि तिसऱ्याला ठाऊकच नाही की इथे काही पेरलं होतं.

लोणारला दिवस बरे गेले. हिवाळ्यात टोचणी केली, सरोवराच्या काठाने हिंडलो, खरं सांगायचं तर ते गाव विसरलोही. मग वैशाख आला. एका सकाळी डाव्या घोट्यावर आग होऊन जाग आली. दिव्याच्या वातीने भाजल्यासारखा फोड होता. भीती वाटली, किळस आली, आणि त्या दोन्हींच्या खाली, सांगायला लाज वाटते, आनंद झाला. मी खरा ठरलो होतो.

आजारपणाची रजा मिळाली. बायको म्हणाली, नांदुऱ्याला घरी चला, पडून राहा. नांदुऱ्यापर्यंत ऐकलं तिचं. तिथून मात्र बैलगाडी केली आणि पाय कडब्यावर ठेवून, काडीला गुंडाळलेला नारू चिंधीने बांधून, त्या गावाकडे निघालो.

पुन्हा त्या बाजा. पुन्हा तो वास. गाडी गल्लीत थांबली तशी माणसं जमली. मी चिंधी सोडली आणि पाय दाखवला. मग गर्दीतून सुभद्रा पुढे आली, वाकली, काडी पाहिली, आणि मागे वळून ओरडली, "अहो! या इकडं!"

तुळशीराम चालत आला. हातात वखराची दोरी होती, गुडघ्यांवर जुने व्रण, पण चालत. त्या गल्लीत तेवढंच एक घर होतं, ज्याच्यापुढे त्या वर्षी बाज नव्हती. तिने वर्षभर जुन्या लुगड्याचा तुकडा चौघडी करून घागरीच्या तोंडाला बांधला होता. शेजारणी हसल्या होत्या, सासू रागावली होती. एका माणसाच्या शब्दावर, जो परत येईल की नाही याची खात्री नव्हती.

"निंघाला ना भाऊ," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "मले वाटे, तुमाले निंघू नये. अन् वाटे, निंघाव."

त्या दुपारी चावडीवर गाव बसलं. आबाजी पाटील मोठे जमीनदार, त्यांच्या थोरल्या मुलाचा उजवा हातच नारूने धरला होता. त्यांनी माझ्या पायावरची काडी जवळून पाहिली. म्हणाले, "माह्या आज्यानं बांधली थे बारव. पायऱ्या बुजवाच्या म्हंजे..." मग म्हणाले, "बुजवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी नाल्यातून दगड यायला लागले. मी गाडीत बसून पाहत होतो. मला वाटलं, झालं. चार दिवसांत भिंत कमरेएवढी आली आणि पाचव्या दिवशी शिपाई कागद घेऊन आला. कोणीतरी वर कळवलं होतं. बोर्डाच्या विहिरीत मंजुरीशिवाय फेरफार करू नये, काम थांबवावे, केल्यास कारवाई होईल. वर्षभर ज्यांना त्या विहिरीकडे पाहायला सवड झाली नाही, त्यांचा कागद पाच दिवसांत पोचला होता.

पाटलांनी काम थांबवलं. कागदाला ते भीत. मी सुभद्राला समजावत होतो, मंजुरी मागू, अर्ज लिहून देतो, दोन-चार महिने लागतील. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "भाऊ, एक सांगा. तुमचं खातं आमाले वाचवाले हाये का विहिरीले?"

मी अर्जाचा कागद काढला.

त्याच दुपारी, पुरुष जेवून आडवे झाले असताना, बाया बारवेवर गेल्या. सुभद्रा पुढे. पायात नारू असलेल्या दोघी-तिघी काठावर बसून दगड हाती देत होत्या. संध्याकाळी पाटील आले तेव्हा पायऱ्यांचं तोंड बंद झालेलं होतं. ते म्हणाले, "कोनं केलं?" बाया म्हणाल्या, "आमी." सगळ्या एकदम. एवढ्या बायांवर कारवाई करायला कोणत्या कचेरीत जागा होती? आठवड्याभरात तुळशीरामने बाभळीचा आडवा ओंडका टाकून लाकडी चाक बसवलं.

मी मात्र परतीच्या वाटेवर पाय गमावला. गाडी चाकोरीत आदळली, चिंधी लाकडात अडकली आणि नारू तुटला. पाय पिकला. अख्खा पावसाळा मी पडून काढला आणि उठलो तो असा, एक टाच जमिनीला न टेकणारा. वरून लेखी ठपका आला, रजेवर असताना सरकारी विहिरीच्या नासधुशीस चिथावणी दिली. मी तो फाडला नाही. अजून ट्रंकेत आहे. राग शिळा होऊ लागला की काढून वाचतो.

तिसऱ्या वैशाखात खात्यानेच मला तिथं पाठवलं. कुणा बड्या साहेबाला नारू कमी झालेलं एक गाव कागदावर हवं होतं. मी काठी टेकत गेलो. गल्ली रिकामी. बाजा घरात उभ्या करून ठेवलेल्या. शेतांतून वखर हाकणाऱ्यांच्या आरोळ्या ऐकू येत होत्या. पाटलांचा मुलगा उजव्या हाताने कासरा धरून चालला होता. मी त्या आरोळ्या ऐकत गल्लीतच थोडा वेळ उभा राहिलो. माझ्या आयुष्यात याहून चांगलं काही मी ऐकलेलं नाही.

मग तक्ता भरायला बारवेवर गेलो. कोंडू पेटी घेऊन बरोबर होता. चाक करकरत होतं, बाया पाणी ओढत होत्या. आणि वीसेक हात दूर, उन्हात, रिकाम्या घागरी घेऊन महारवाड्यातल्या बाया बसल्या होत्या. आदल्या पावसाळ्यात पाऊस कमी झाला होता. झिरा आटला होता.

"केव्हापासून बसल्या आहेत?" मी विचारलं.

"सकाळपासून," कोंडू म्हणाला. त्यांच्यात त्याची बायकोही होती.

मी पाटलांकडे गेलो. त्यांनी मला प्रेमाने बसवलं, गूळ-पाणी दिलं. म्हणाले, "तुमच्यानं गाव वाचलं, डाक्तर. पन चाकाले कोनाचा हात लागाव, थे गाव ठरवीन." मी सुभद्राला म्हटलं, तुम्ही तरी यांना चाकाला हात लावू द्या. तिने दोर ओढला, भरलेली घागर उचलून त्या बायांकडे गेली आणि वरून, अंतर ठेवून, कोंडूच्या बायकोच्या घागरीत पाणी ओतलं. अर्धं बाहेर सांडलं. तिच्याकडून तेवढंच झालं. माझ्याकडून तेवढंही नाही.

कडुनिंबाखाली बसून मी तक्ता काढला. एक रकाना होता: गावास शुद्ध पाण्याची सोय आहे काय? समोर एका शब्दापुरती जागा. त्या जागेत मला सगळं लिहिता आलं असतं, समासात लिहिता आलं असतं, पाठीमागे लिहिता आलं असतं. पण पाय गेला होता, ठपका ताजा होता, आणि साहेबांची लाल पेन्सिल मला आधीच दिसत होती. मी लिहिलं, आहे.

कोंडूला वाचता येत नव्हतं. त्याने विचारलं, "काय लेयलं साहेब?"

मी वाचून दाखवलं.

त्याच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता, कोतवाल जसा साहेबाचं म्हणणं नीट करून परत सांगतो, तसं तो म्हणाला, "हाव साहेब. गावाले हाये."